फट सारखी, तर गाडी सरळ

दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात राजघराण्याची मेबॅक येते, तेव्हा गर्दीची नजर तिच्या रुबाबावर खिळते. पण ही गाडी घडली कशी, हेही पाहण्यासारखं आहे. ती घडली त्या काळात मेबॅक कंपनी मुख्यतः इंजिन आणि चॅसिस बनवी. बॉडी चढवण्याचं काम स्वतंत्र कोचबिल्डर हातानं करत. किट कारमध्ये आजही हेच घडतं. चॅसिस एकीकडून, इंजिन दुसरीकडून आणि फायबरची बॉडी तिसरीकडून येते. ब्रिटनमध्ये १९५७ साली आलेली लोटस सेव्हन अशी सुट्या भागांत विकली जाई, कारण त्यात खरेदी कर वाचे. आपल्याकडे १९९०च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी गाडी कारखान्यातली असली, तरी तिची बॉडी फायबरग्लासचीच होती.

अशा गाडीची दारं, बोनेट, डिकी आणि मडगार्ड जुळवणं हे बहुतेकांना शेवटचं, सजावटीचं काम वाटतं. ते खरं तर पहिल्या दिवसापासूनचं काम आहे, आणि रंगापूर्वी संपलं नाही तर ते पुढे कधीच संपत नाही. फायबरची बॉडी साच्यातून निघाल्यावरही काही काळ आकसते आणि चॅसिस वजनाखाली किंचित वाकते. घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, उचललेल्या गाडीत दार अगदी बरोबर बसलेलं असतं. गाडी चाकांवर उतरवून इंजिन, बॅटरी आणि सीट चढवल्या, की त्याच दाराभोवतीची फट वर अरुंद आणि खाली रुंद होऊ शकते. म्हणून जुळवणी सपाट फरशीवर, चाकांवर आणि पूर्ण वजनासह करावी. सुरुवात दारापासून करावी. त्याला एका बाजूनं बिजागरी आणि दुसऱ्या बाजूनं लॉक बांधून ठेवतं, शिवाय त्याला रोज उघडमीट करायची असते. दार चौकटीत नीट बसलं की त्याच्या कडेवरून मडगार्ड आणि मडगार्डावरून बोनेट लावायचं. दाराचं रबर आधीच बसवून घ्यायचं, कारण ते दाराला बाहेर ढकलतं.

फट बारीक असण्यापेक्षा ती सारखी असणं महत्त्वाचं. सगळीकडे ६ मिलिमीटर असलेली फट डोळ्याला खटकत नाही. वर ४ आणि खाली ६ असलेली लगेच वाकडी दिसते. ती सुधारायला मोठा हातोडा लागत नाही. दोन बिजागऱ्यांत ३० सेंटिमीटर अंतर असेल आणि दार ९० सेंटिमीटर लांब असेल, तर खालच्या बिजागरीमागे १ मिलिमीटरचा पत्र्याचा तुकडा सरकवताच दाराची मागची कड सुमारे ३ मिलिमीटर वर उचलली जाते. हाच हिशोब उलटाही चालतो: बिजागरीजवळची लहानशी चूक लॉकपाशी तिप्पट होऊन समोर येते.

यावर पहिला आक्षेप असा, की एवढा खटाटोप कशाला, लांबी (पुट्टी) भरून कड सरळ करता येते. लांबीनं उथळ खळगा भरतो, जागा चुकलेलं दार जागेवर येत नाही. लॉक अडकतंच, पावसाचं पाणी आत येतंच. शिवाय फायबर लवचिक असतं, आणि दार आपटून आपटून जाड लांबी तडकते. दुसरा आक्षेप असा, की कारखान्यातल्या रोबोची सफाई हाताला कशी येणार? कारखाना एकाच मापाचे हजारो भाग झटपट जोडतो. एकच गाडी जोडणाऱ्याजवळ मात्र वेळ असतो, आणि पॅनेल दहा वेळा लावून काढायला त्याला कुणाची आडकाठी नसते. कोल्हापुरात मंगळवार पेठेला लागून असलेल्या शिवाजी उद्यमनगरात पहिली बाजू पक्की करून मग तिच्यावरून बाकीची मापं घेणं हा मशीनशॉपचा रोजचा धडा आहे. किट कारमध्ये ती पहिली बाजू म्हणजे दार.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: अशी गाडी आपल्या रस्त्यावर चालेल का? सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे इथल्या एका कारागिरानं जुन्या भागांतून गाडी उभी केली. २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचं जाहीर कौतुक केलं, पण ती नियमांत बसत नाही हेही सांगितलं. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणी झालेल्या वाहनाच्या मूळ तपशिलातही मनमानी बदल चालत नाहीत. तेव्हा आरटीओचा सल्ला सर्वांत आधी घ्यायला हवा. कौशल्य मात्र वाया जात नाही. जुनी जीप दुरुस्त करताना, अपघातात पिचकलेलं मडगार्ड बदलताना हीच पद्धत लागते. पेठेतल्या तरुण कारागिरांनी रंगाचा डबा उघडण्यापूर्वी सारख्या जाडीची एक लाकडी पट्टी प्रत्येक फटीतून फिरवून पाहावी. जिथे ती अडेल किंवा खुळखुळेल, तिथलं काम अजून बाकी आहे.