लेखसंरक्षण, मुक्त ज्ञानकोशातील

महाजालावरील मुक्त ज्ञानकोशातील लेखाची हेतुपुरस्सर होणारी नासधूस, म्हणजे उत्पात, रोखण्यासाठी त्याच्या संपादनावर घालण्यात येणारा निर्बंध. विकिपीडियातील (मराठी आवृत्ती १ मे २००३ पासून) बहुतेक लेख कोणासही बदलता येतात. त्यामुळे निवडणुकांच्या काळात राजकीय व्यक्तींच्या चरित्रलेखांत निंदा, प्रचार वा असत्य मजकूर घातला जाण्याचा संभव वाढतो. प्रत्येक बदल लेखाच्या इतिहासात नोंदला जात असल्याने पूर्वीचा मजकूर पुन्हा आणता येतो. परंतु उत्पात वारंवार घडू लागल्यास प्रचालक लेख संरक्षित करतात. अर्धसंरक्षणात अनामिक व नवागत संपादकांना मज्जाव असतो. इंग्रजी आवृत्तीत त्यासाठी सामान्यतः चार दिवस जुने व दहा संपादने झालेले खाते लागते. पूर्ण संरक्षणात केवळ प्रचालकच बदल करू शकतात.

तथापि प्रत्येक चुकीचा बदल हा उत्पात नव्हे. महाराष्ट्रात २३ नोव्हेंबर २०१९ रोजी देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली व २६ नोव्हेंबरला राजीनामा दिला. २८ नोव्हेंबरला दादर येथील शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांचा शपथविधी झाला. अशा वेळी शपथविधीपूर्वीच नव्या मुख्यमंत्र्याचे नाव घालणारा संपादक उतावळा असतो, दुष्ट असतोच असे नाही. लेख पूर्णपणे बंद केल्यास कालबाह्य माहिती तशीच राहते; खुला ठेवल्यास अफवेस वाव मिळतो. यास्तव संरक्षण शक्यतो सौम्य व मुदतीचे ठेवतात आणि मज्जाव असलेल्यांना चर्चापानावर आधारासह दुरुस्ती सुचविता येते.