उपचारासाठी निर्मिलेला गर्भ

२००५ च्या फेब्रुवारीत दक्षिण कोरियाच्या टपाल खात्याने एक तिकीट काढले. चाकांच्या खुर्चीतील पंगू मनुष्य उठतो, झेप घेतो आणि शेवटी प्रियजनास आलिंगन देतो, असे त्यावरील चित्र होते. ज्या मातेच्या घरी असा रुग्ण आहे, तिचे डोळे ते पाहून भरून आले असतील. तिच्या आशेला हसण्याचा अधिकार आपणांस नाही.

हा गौरव होता सोल राष्ट्रीय विद्यापीठातील ह्वांग वू-सुक यांच्या संशोधनाचा. स्त्रीबीजातील केंद्रक काढून तेथे रुग्णाच्या पेशीचे केंद्रक घालावयाचे, आणि गर्भ वाढू लागला म्हणजे पाचसहा दिवसांनी त्यातील मूळपेशी काढावयाच्या, असा हा प्रकार. यालाच उपचारासाठी क्लोनिंग म्हणतात. पेशी काढल्या, की गर्भ मरतो. या कार्यास शासनाने कोट्यवधी वॉन दिले. तो पैसा अर्थातच कर भरणाऱ्यांचा, आणि त्यांत तेथील कॅथॉलिक कुटुंबेही आली.

पुढे जानेवारी २००६ मध्ये विद्यापीठाच्याच चौकशी समितीने सांगितले, की ह्वांग यांच्या दोन्ही गाजलेल्या निबंधांतील पुरावा बनावट होता. क्लोन केलेल्या गर्भाची एकही मूळपेशी त्यांच्यापाशी नव्हती. मात्र दोन हजारांहून अधिक स्त्रीबीजे खर्ची पडली होती! ती देणाऱ्यांत त्यांच्या हाताखालील तरुण संशोधिकाही होत्या. काही स्त्रियांना पैसे मिळाले होते. काहीजणी त्यापायी आजारी पडल्या. २००९ मध्ये न्यायालयाने ह्वांग यांना निधीच्या अपहाराबद्दल दोषी ठरविले.

तथापि फसवणूक उघड झाली म्हणून आपला पक्ष सिद्ध झाला, असे कोणी मानू नये. २०१३ मध्ये अमेरिकेत ओरेगन येथे हीच क्रिया खरोखर साधली. मग आपला आक्षेप गळून पडला काय? मुळीच नाही. एका रुग्णाच्या औषधासाठी दुसऱ्या मानवी जीवाचा आरंभ करावा आणि लगेच अंत करावा, याला ख्रिस्तसभेने २००८ च्या सूचनापत्रातही स्पष्ट नकार दिला आहे. ज्याला हे पाप वाटते, त्याच्याच कराच्या पैशातून ते करविणे, हा त्यावर आणखी एक अन्याय होय.

परंतु नुसत्या नकाराने रुग्ण बरा होत नाही. सोलच्या धर्मप्रांताने हे ओळखले होते. फसवणूक उघड होण्यापूर्वीच, २००५ च्या ऑक्टोबरात, त्याने प्रौढ शरीरातील मूळपेशींच्या संशोधनासाठी दहा अब्ज वॉन देण्याचे घोषित केले. त्या मार्गात कोणाचाही जीव जात नाही. २००७ मध्ये जपानच्या यामानाका यांनी तर मनुष्याच्या त्वचेतील पेशींनाच गर्भपेशींचे गुण आणून दाखविले.

त्या वेळचे सोलचे आर्चबिशप चॉंग जिन-सुक पुढे कार्डिनल झाले. २०२१ च्या एप्रिलात ते प्रभुघरी गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या नेत्रांचे दान करण्यात आले.