डोस सेट होईपर्यंत

लालबागला माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात दारामागे कालनिर्णय टांगलेलं असतं. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा हप्ता, सगळं त्याच्या चौकोनांत. गेल्या जुलैपासून त्यात आणखी काही अक्षरं दिसायला लागली: ‘गो. 8 वा.’, ‘डबा परत’, ‘9 ते 11 छान’, ‘बाईंचा फोन’. भाचा सातवीत आहे. जूनमध्ये दादरच्या एका खासगी मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला एडीएचडी असल्याचं सांगितलं आणि मिथाइलफेनिडेटची 10 मिलीग्रॅमची गोळी लिहून दिली. सकाळी नाश्त्यानंतर एक.

निदानाआधीची सात वर्षं घरात जे शब्द वापरले गेले ते आठवले की आजही वाईट वाटतं. वांड, धांदरट, एका जागी बूड टेकत नाही, हुशार आहे पण अभ्यासाचा कंटाळा. मेंदूत लक्ष टिकवायला आणि हालचालीला लगाम घालायला डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन ही रसायनं लागतात. एडीएचडीमध्ये ही व्यवस्था नीट चालत नाही, हे तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक होतं? मिथाइलफेनिडेट ही रसायनं पेशींच्या फटीत जास्त वेळ टिकू देतं. औषध जुनं आहे. 1944 साली सिबा या स्विस कंपनीत लिआंद्रो पानिझोन यांनी ते बनवलं आणि बायकोच्या ‘रीटा’ या लाडक्या नावावरून त्याचं रिटालिन झालं.

गोळी सुरू झाली म्हणजे सुटलो, अशी आमची समजूत होती. खरं काम तिथून पुढे होतं.

तापाच्या औषधाचा डोस मुलाच्या वजनावरून ठरतो. मिथाइलफेनिडेटचा अंदाज वजनावरून बांधता येत नाही. पंचवीस किलोच्या मुलाला जेवढं लागतं त्याहून कमी एखाद्या साठ किलोच्या माणसाला पुरतं. म्हणून डॉक्टर 5 किंवा 10 मिलीग्रॅमपासून सुरुवात करतात, साधारण आठवड्याच्या अंतराने थोडं थोडं वाढवतात आणि फायदा भरपूर, त्रास कमी अशी जागा शोधतात. दिवसाला 60 मिलीग्रॅम ही साध्या गोळीची नेहमीची वरची मर्यादा. दवाखान्यात याला सगळे ‘डोस सेट करणं’ म्हणतात. यात रक्ताची तपासणी कामाला येत नाही. मुलगा घरी कसा होता, शाळेत कसा होता, जेवला का, झोपला का, एवढ्याच माहितीवर डॉक्टरांना पुढचं पाऊल टाकायचं असतं. ती माहिती आपणच द्यायची.

आमच्याकडे नेमकं तिथेच चुकलं. पहिल्या फॉलो-अपला ताईने सांगितलं, ‘शाळेत काहीच फरक नाही.’ डोस 15 झाला. पुढच्या खेपेला तेच, डोस 20. बाईंचे फोन सुरूच. वर भाच्याची भूक गेली. शाळेत जायच्या आधीचं जेवण तो ताटात चिवडून उठायचा, डबा भरलेला परत यायचा. दोन महिन्यांत दीड किलो वजन उतरलं. माझी आई तर म्हणाली, ‘बंद करा ते औषध, पोर वाळत चाललंय.’

तिसऱ्या भेटीला ताई कालनिर्णयची पानं फाडून घेऊन गेली. डॉक्टरांनी ती टेबलावर पसरली, ‘9 ते 11 छान’ या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘ताई, याची शाळा कितीची?’

साडेबाराची. मुंबईत एकाच इमारतीत सकाळचं आणि दुपारचं अशी दोन अधिवेशनं भरवणाऱ्या शाळा शेकड्यांनी आहेत. साधी मिथाइलफेनिडेटची गोळी अर्ध्या-पाऊण तासात लागू पडते आणि तीन-चार तासांत उतरते. आठला घेतलेली गोळी बाराच्या सुमारास उतरत होती. सकाळचा गृहपाठ सुरेख होत होता आणि मुलगा शाळेत पोहोचत होता तेव्हा अंगात औषध जवळपास नव्हतंच. उलट उतरतानाची चिडचिड आणि मेलेली भूक नेमकी जेवणाच्या वेळेला. डोस दोनदा वाढवला गेला, घड्याळ मात्र कुणीच पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी एकूण मात्रा 20 मिलीग्रॅमच राहिली. फक्त ती एकदम न देता हळूहळू सुटणाऱ्या लांब असराच्या गोळीतून द्यायची ठरली, साडेअकराला पोटभर जेवल्यावर. पंधरा दिवसांनी कालनिर्णयवर पहिल्यांदा ‘डबा संपला’ आलं. ते पान ताईने जपून ठेवलंय.

डॉक्टरांना मी दोष देत नाही. आम्हीही सांगितलं नव्हतं. पण शाळेच्या वेळेचा हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला गेला असता तर दोन महिने वाचले असते. खासगी दवाखान्यात पहिली भेट निदानासाठी तासभर चालते, पुढच्या भेटी दहा-पंधरा मिनिटांत उरकतात आणि प्रत्येक भेटीची फी वेगळी. त्यामुळे ‘बरं चाललंय, उगाच कशाला जायचं’ म्हणून घरचे फॉलो-अप पुढे ढकलतात आणि डोस सेट होण्याआधीच उपचार अडकतो. हे मला सगळ्यांत जास्त खटकतं, कारण याचा हिशेब मोठ्या अभ्यासातून मांडला गेला आहे. 1999 साली अमेरिकेत एमटीए नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. 7 ते 9 वर्षांची 579 मुलं, चौदा महिने उपचार. एका गटात पहिले 28 दिवस डोस बारकाईने जुळवला, मग दर महिन्याला अर्ध्या तासाची भेट, शिक्षकांकडून माहिती. दुसरा एक गट नेहमीच्या डॉक्टरांकडे नेहमीसारखा उपचार घेत होता. त्यातल्या सुमारे दोनतृतीयांश मुलांनाही औषध मिळत होतंच, तरी पहिल्या गटाची लक्षणं स्पष्टपणे जास्त कमी झाली. औषधांची जातकुळी बहुतेक तीच, फरक पाठपुराव्याचा. अभ्यास संपून सगळे आपापल्या नेहमीच्या उपचाराकडे परतल्यावर तिसऱ्या वर्षापर्यंत हा फरक मिटला, हेही सांगायला हवं.

आता केमिस्टचा विषय. मिथाइलफेनिडेट आपल्या देशात शेड्यूल एक्समध्ये मोडतं, वेष्टनावर डाव्या कोपऱ्यात लाल अक्षरांत एक्सआरएक्स छापलेलं असतं. ते ठेवायला दुकानाला वेगळा परवाना लागतो, औषध कुलपात ठेवावं लागतं, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत केमिस्ट दोन वर्षं जपून ठेवतो. त्यामुळे दादर स्टेशनबाहेरच्या प्रत्येक मेडिकलमध्ये ते मिळेलच असं नाही. केमिस्टने दोनदा चिठ्ठी उलटून पाहिली, ‘कोणासाठी?’ विचारलं, तर ओशाळू नका. तो नियम पाळतोय. मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार हे औषध व्हिडिओ कॉलवर लिहून देता येत नाही. प्रत्यक्ष भेट लागतेच, म्हणून महिन्याची गोळी संपायच्या आठवडाभर आधी अपॉइंटमेंट घ्यावी.

मिथाइलफेनिडेट सोसलं नाही किंवा नको असेल तर ॲटोमॉक्सेटिन असतं. त्याचा स्वभाव अगदी वेगळा. मुलांमध्ये त्याचा डोस वजनावर ठरतो आणि पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात. आठ दिवसांत ‘काही होत नाही’ म्हणून सोडणारे बरेच. ते रविवारीही चुकवायचं नाही. मिथाइलफेनिडेटला काही डॉक्टर मे महिन्याच्या सुट्टीत विश्रांती देतात, पण तो निर्णय त्यांचा. ॲटोमॉक्सेटिन सुरू केल्यावर मूल गप्प गप्प झालं, मरणाची भाषा करू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा. ॲटोमॉक्सेटिन घेणाऱ्या मोठ्या माणसांनी डॉक्टरांना आणखी एक सांगायचं: फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिनसारखं नैराश्याचं औषध चालू असेल तर शरीरातलं ॲटोमॉक्सेटिन खूप वाढतं. गिरगावात एक डॉक्टर आणि परळला दुसरे असतील, तर दोघांच्या चिठ्ठ्या दोघांना दिसायला हव्यात. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 नुसार आपल्या उपचाराची कागदपत्रं मागण्याचा हक्क रुग्णाला आहे. डॉक्टर बदलताना ती जरूर मागा, म्हणजे नव्या ठिकाणी पुन्हा शून्यापासून सुरुवात होत नाही.

घरच्या दोन सवयी मात्र सोडाव्या लागतात. पहिली, अर्धी गोळी करण्याची. लांब असराची गोळी सुरीने तोडली किंवा चावली की दिवसभराचं औषध एकदम सुटतं. दुसरी, वाईट आठवड्यावरून औषधाची परीक्षा करण्याची. लालबागमध्ये गणपतीचे दहा दिवस कोण झोपतं? रात्री दोनपर्यंत गर्दी, ढोल, पाव्हणे. त्या दिवसांत मूल चिडलं, विसरलं, उठेना, तर ते झोपेचं देणं असतं. ताईच्या डॉक्टरांनी भाद्रपदात डोसला हातच लावला नाही, विसर्जनानंतर आठ दिवसांनी बोलावलं. मला ते फार पटलं.

प्रत्येक भेटीत रक्तदाब, नाडी, वजन आणि मुलांची उंची मोजली जायला हवी. मोजली नाही तर आपण आठवण करून द्यावी. घरात कुणाला तरुणपणी हृदयाचा आजार झाला असेल, कुणी अचानक गेलं असेल, तर ते गोळी सुरू होण्याआधी सांगायचं. आणि फी झेपेनाशी झाली तर उपचार सोडू नका. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहेत. रांग मोठी असते, दिवस जातो, पण डोस जुळवण्याचं काम तिथेही होतं.

पुढच्या भेटीला निघाल तेव्हा एका चिठ्ठीवर चार गोष्टींच्या वेळा लिहून न्या: गोळी कितीला, जेवण कितीला, शाळा किंवा ऑफिस कितीपासून कितीपर्यंत, झोप कितीला. आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता ती त्यांच्यासमोर ठेवा.