स्टीलच्या पातेल्याचे डाग

सुरतेत लिंबायत-उधन्याकडे खानदेशातून आलेली मराठी घरं पुष्कळ. तिथे शेवभाजीचा रस्साही आता स्टीलच्याच पातेल्यात उकळतो. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं; हवा लागून त्यावर अतिशय पातळ थर धरतो, तोच गंज अडवतो. मीठ या थराचा वैरी. थंड पाण्यात मीठ टाकून पातेलं तसंच ठेवलं, तर तळाला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि ते कितीही घासले तरी जात नाहीत. मीठ उकळी आल्यावरच घालावं. जड पाण्याचे पांढरे डाग निरुपद्रवी, लिंबाची फोड चोळली की निघतात. करपलेल्या तळात पाणी-सोडा उकळावा. लोखंडी तारेची घासणी मात्र नकोच. तिचे कण चिकटून गंजतात आणि बोल लागतो भांड्याला.