मस्तकातील कारभारीण

भोगावती नदीवर राजर्षी शाहू महाराजांनी १९०९ साली ज्याचे काम आरंभिले, त्या राधानगरीच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पावसाळ्यात जलाशय तुडुंब झाला की विजेवाचून, कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता ते उघडतात, एकेका दरवाजातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी सोडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. 'सर्व ग्रंथींची स्वामिनी' अशी पदवी जिला शरीरशास्त्राने बहाल केली, त्या पोष ग्रंथीचा कारभार मला या दरवाजांच्या जातीचाच वाटतो.

वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, आकार वाटाण्याएवढा. मेंदूच्या तळाशी अस्थीच्या ज्या खोबणीत ती बसते, तिला शरीररचनाशास्त्रज्ञांनी 'तुर्की खोगीर' म्हटले आहे. पण खोगिरावर बसणाऱ्याच्या हाती लगाम असतोच असे नाही, आणि येथे तो अधोथॅलॅमस या मेंदूच्या भागाकडे आहे. तेथून निघणारे रासायनिक खलिते मेंढ्यांच्या व डुकरांच्या लक्षावधी मेंदूंतून वेगळे काढणाऱ्या गीयमँ आणि शॅली यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. खलिता येताच पोष ग्रंथी गळ्यातील अवटु ग्रंथीला उद्युक्त करते, ती थायरॉक्सिन स्रवते, आणि रक्तातील त्याची पातळी वाढली की वरचे दोन्ही हुकूम मंदावतात. धरणाचा दरवाजा भरतीने उघडतो, हा भरतीने मिटतो, इतकाच फरक. आहारात आयोडीन नसेल तर पातळी भरतच नाही, हुकूम सुटतच राहतात आणि गळा फुगतो, तोच गलगंड.

हुकुमाचा अंमल डोळ्यांनी पाहायचा तर मात्र पहाटे गोठ्यात जावे. आंबोणाची पाटी पुढे येते, रेडकू कासेला ढुशी देते, सडांवरून हात फिरतो. तो स्पर्श मज्जातंतूंनी मेंदूस पोचतो, अधोथॅलॅमसमध्ये घडलेले व पोष ग्रंथीच्या पश्चखंडात साठविलेले ऑक्सिटोसिन रक्तात उतरते आणि थोड्याच वेळात म्हैस पान्हवते. कुत्रे अंगावर आले, धार काढणारा हात परका असला, तर ॲड्रेनॅलिन आडवे येते आणि म्हैस पान्हा चोरते. हा दोष तिच्या स्वभावाचा नव्हे.

अशा रासायनिक खलित्यांसाठी इंग्रज शास्त्रज्ञ स्टार्लिंग याने १९०५ साली प्रचारात आणलेल्या हॉर्मोन या शब्दाचे मूळ 'चालना देणे' या अर्थाच्या ग्रीक धातूत आहे. आपला 'संप्रेरक' त्याच अर्थाचा, आणि माझ्या मते अधिक सुरेख. तरी आपल्या गवळ्याचा 'पान्हा' या दोहोंहून जुना.

पान्ह्यासाठी सुई टोचण्याची खोड ज्यांना लागली आहे, त्यांनी एवढे ध्यानी घ्यावे की ऑक्सिटोसिन दूध बनवीत नाही, बनलेले सोडते. दूध बनविण्याचा हुकूम पोष ग्रंथीच्या पूर्वखंडातील प्रोलॅक्टिनचा. रक्तात उतरलेल्या ऑक्सिटोसिनचा अंमल थोड्या मिनिटांतच ओसरतो, म्हणून म्हैस पान्हवल्यावर धार पाच-सात मिनिटांत संपवावी आणि तेवढा वेळ तरी गोठ्यात आरडाओरड करू नये.