परळची बाटली, महाडचा विंचू

महाड-पोलादपूरकडून दुखणेकरी मुंबईला हलवला की गाडी बहुधा परळला, केईएमला थांबते. त्याच आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्था आहे. चिठ्ठ्या घेऊन धावणाऱ्या नातेवाइकांचे तिकडे लक्ष जात नाही, पण आपल्याकडच्या विंचवाशी तिचा जवळचा संबंध आहे.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढे साथरोग कायदा आला, घराघरांत झडत्या सुरू झाल्या, माणसे शहर सोडून पळाली. इकडे भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन प्लेगवरच्या लशीसाठी बाटल्या मांडून बसले होते. बाटलीत मांसाचा अर्क; तोही गाय-डुक्कर टाळून बकऱ्याचा. वर तुपाचे थेंब. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढत. बाटली हलवली की तंतू तुटून तळाशी बसत, वर नवे धरत. मग 70 अंशांवर तासभर तापवून जंतू मारायचे. 10 जानेवारी 1897 ला ही लस हाफकिननी आधी स्वतःला टोचून घेतली. लोकांना काय चालेल याचा विचार झडत्या घेणाऱ्या सोजिरांपेक्षा या बाटलीवाल्याने जास्त केला, असे माझे मत.

1899 मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात आली; 1925 मध्ये तिला हाफकिनचे नाव मिळाले. प्लेग ओसरला, पण काम संपले नाही. साप-विंचवाच्या विषावर घोड्याच्या रक्तातून प्रतिविष बनू लागले.

1976 मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली पोरे घामाने भिजून, हातपाय गार पडून, फुप्फुसात पाणी भरून डोळ्यांदेखत जात. घरचे आधी विंचू उतरवणाऱ्याकडे नेत. रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी इथे उपयोगी पडते, हे बावस्करांनी दाखवले. पुढे महाडमध्येच त्यांनी प्राझोसिन आणि प्रतिविष एकत्र देऊन पाहिले. 2011 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात दोन्ही दिलेल्या 35 पैकी 32 रुग्ण दहा तासांत सावरले. नुसत्या गोळीवर 35 पैकी 8.

तेव्हा भारे उचलताना, पडवीत चपला घालताना विंचू डसला आणि दरदरून घाम सुटला, तर उतरवणाऱ्याच्या दारात वेळ दवडू नका; थेट आरोग्य केंद्र गाठा.