गाडीचं मूळ गाव

माझा भाचा अमेरिकेत ओहायो राज्यात, कोलंबस शहराजवळ राहतो. नोकरी लागल्यावर त्यानं होंडा अ‍ॅकॉर्ड घेतली. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आहेत, जन्मभर अमेरिकी कंपन्यांच्याच गाड्या वापरलेले. त्यांनी नवी गाडी भोवती फिरून पाहिली आणि म्हणाले, "गाडी छान आहे. पण आपल्या माणसांच्या पोटावर पाय आला." भाच्यानं मला फोन केला. "मामू, माझं चुकलं का?"

आता मी पडलो कवी. गाडीचं बॉनेट उघडलं तर वाफ तेवढी ओळखतो. पण प्रश्न डोक्यात राहिला. परदेशी गाडी खरंच अमेरिकी गाडीपेक्षा चांगली असते का? आणि असली तर कशामुळे?

एक काळ असा होता की हा प्रश्न विचारणाऱ्याला लोक हसले असते. 1957 मध्ये टोयोटानं टोयोपेट क्राउन ही गाडी अमेरिकेत नेली. तिथल्या महामार्गांच्या वेगापुढे तिचं इंजिन कमी पडलं आणि काही वर्षांतच कंपनीनं ती बाजारातून काढून घेतली. तेव्हा जपानी माल म्हणजे स्वस्त आणि तकलादू, अशीच समजूत होती.

ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल अडवलं. पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेलं तेल काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेलं. पंपांवर रांगा लागल्या. डेट्रॉइटच्या लांबलचक गाड्या पेट्रोल पाण्यासारख्या पीत. छोट्या गाड्याही त्या कंपन्यांनी काढल्या होत्या, पण मन लावून नव्हे. फोर्डच्या पिंटोला मागून धडक बसली तर टाकी पेट घेई. 1978 मध्ये अशा सुमारे 15 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. इकडे होंडाच्या सिव्हिकनं प्रदूषणाचे नवे नियम नुसत्या इंजिनाच्या रचनेवर पाळून दाखवले. 1979 मध्ये इराणात क्रांती झाली, तेल पुन्हा भडकलं आणि क्रायस्लर कंपनीला सरकारच्या दारात उभं राहावं लागलं. सरकारनं तिच्या दीडशे कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली. 1981 मध्ये जपाननं अमेरिकेच्या दबावाखाली आपली निर्यात वर्षाला 16 लाख 80 हजार गाड्यांवर रोखली.

हे आकडे कागदावर थंड वाटतात. पण डेट्रॉइटच्या गल्ल्यांत त्यांचा अर्थ बंद कारखाना आणि थकलेले घरहप्ते असा होता. जून 1982 मध्ये डेट्रॉइटला लागूनच असलेल्या हायलंड पार्कमध्ये व्हिन्सेंट चिन या 27 वर्षांच्या तरुणाला दोघांनी बेसबॉलच्या बॅटनं मारलं. त्यातला एक क्रायस्लरचा पर्यवेक्षक, दुसरा त्याचा सावत्र मुलगा, नोकरी गेलेला. तुमच्यामुळे आमची कामं गेली, असं ते म्हणत होते, अशी साक्ष झाली. चिन काही दिवसांत वारला. त्याचं लग्न ठरलेलं होतं. तो जपानी नव्हता, चिनी वंशाचा अमेरिकी होता. न्यायालयानं मारेकऱ्यांना तीन हजार डॉलर दंड केला आणि तीन वर्षं देखरेखीखाली मोकळं सोडलं. ज्या हायलंड पार्कमध्ये हे घडलं, तिथेच फोर्डची सरकती असेंब्ली लाइन 1913 मध्ये सुरू झाली होती.

नाव आणि चेहरा पाहून माणसाचं मूळ गाव ठरवून टाकणं मला अनोळखी नाही. तीस वर्षं मराठीत लिहितो आहे, तरी कविसंमेलनात कोणीतरी कौतुकानं विचारतंच, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं हो?" रत्नागिरीत जन्मलेल्या माणसाचं मराठी कसं असावं? असो.

जपानी गाडी चांगली निघत होती, हे मात्र खरं होतं. मग लोक कारणं शोधू लागले. कोणी म्हणे जपानी माणूस जात्याच शिस्तीचा. कोणी म्हणे अमेरिकी कामगार आळशी आणि त्याची युनियन माजलेली. या दोन्ही समजुतींची परीक्षा एका कारखान्यात झाली, आणि या साऱ्या कथेत मला तीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

कॅलिफोर्नियात फ्रीमाँट इथे जनरल मोटर्सचा कारखाना होता. बदनामच म्हणायचा. पाचातला एक कामगार गैरहजर असे, संप आणि तक्रारी नेहमीच्या. तिथला नियम एकच, लाइन थांबवायची नाही. चुकीचा भाग बसलेली गाडीही पुढे सरके आणि शेवटी आवारात दुरुस्तीसाठी उभी राही. 1982 मध्ये कंपनीनं त्याला टाळं लावलं. 1984 मध्ये जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी भागीदारीत तोच कारखाना उघडला. कामगार घेतले ते बहुतेक जुनेच. युनियनही तीच.

त्यांच्यातल्या काहीशे लोकांना शिकायला जपानला पाठवलं. तिथे त्यांना लाइनच्या कडेनं जाणारी एक दोरी दिसली. काही चुकलं, स्क्रू नीट बसला नाही, की कामगारानं ती ओढायची. दिवा लागतो, सूर वाजतो, गटप्रमुख धावत येतो आणि विचारतो, मदत हवी का? वेळेत नाही जमलं तर लाइन थांबते, पण चूक पुढे जात नाही. जन्मभर "लाइन थांबवलीस तर घरी बसशील" हे ऐकलेल्या माणसाच्या हातात ती दोरी आली, तेव्हा त्याला काय वाटलं असेल, हा खरं तर कवितेचा विषय आहे. गैरहजेरी झपाट्यानं उतरली. थोड्याच काळात फ्रीमाँटच्या गाड्या जपानात बनलेल्या गाड्यांच्या तोडीच्या ठरल्या.

पुढे तर गंमतच झाली. याच कारखान्यातून टोयोटा कोरोला निघे, आणि तीच गाडी थोडे कपडे बदलून जनरल मोटर्सच्या जिओ प्रिझम या नावानं निघे. छत तेच, हात तेच. तरी जुन्या बाजारात प्रिझमला कोरोलापेक्षा कमी भाव येई. ज्यांना हे ठाऊक होतं त्यांनी मुकाट्यानं प्रिझम घेतली.

आता कोणी म्हणेल, मग जनरल मोटर्सनं सगळीकडे ती दोरी का बांधली नाही? बांधायला गेले. कॅलिफोर्नियातल्याच व्हॅन नाइसच्या कारखान्यात प्रयत्न झाला आणि फसला; 1992 मध्ये तो कारखानाही बंद पडला. दोरी बांधणं सोपं आहे. ती ओढणाऱ्यावर न ओरडणं साहेबांना अवघड जातं.

छोट्या गाड्यांत मार खाऊनही अमेरिकी कंपन्या तगल्या त्या पिकअप ट्रकवर, आणि तिथे त्यांना कोंबडीनं तारलं. युरोपनं अमेरिकी कोंबडीवर कर लावला म्हणून अमेरिकेनं 1964 मध्ये आयात हलक्या ट्रकवर 25 टक्के कर लावला. कोंबडीचं भांडण विसरलं गेलं, कर राहिला.

आज मुळात 'परदेशी' कशाला म्हणायचं हाच घोळ आहे. टोयोटाची कॅमरी 1988 पासून केंटकीत बनते, बीएमडब्ल्यू 1994 पासून साउथ कॅरोलायनात. उलट फोर्डची फ्यूजन वर्षानुवर्षं मेक्सिकोतून येत असे. जे. डी. पॉवरच्या 2025 च्या टिकाऊपणाच्या पाहणीत लेक्ससनंतर दुसरं नाव अमेरिकेच्या ब्युइकचं होतं, आणि त्या वर्षी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ब्युइकपैकी बहुतेक दक्षिण कोरिया आणि चीनमधून येत होत्या. आपल्या तळेगावात बनलेल्या शेवरोले बीटही 2020 पर्यंत मेक्सिकोला जात होत्या. जपानी नाव म्हणजे हमखास खात्री, असंही नाही. टाकाटा या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅग्जमुळे अमेरिकेतली सर्वांत मोठी वाहन-माघार झाली. सरासरी काढली तर टोयोटा आणि होंडा अजून पुढे आहेत, हे मान्य करावंच लागेल. पण ती आघाडी कारखान्यातल्या कामाच्या रीतीची आहे, बंदरावर उतरण्याची नव्हे.

एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेनं आयात गाड्यांवर आणखी 25 टक्के कर लावला. जपानपुरता तो पुढे एकूण 15 टक्क्यांवर आला. पण फ्रीमाँटचा तो भागीदारीतला कारखाना जनरल मोटर्सच्या दिवाळखोरीनंतर 2010 मध्ये बंद झाला, तेव्हा तिथल्या साडेचार हजारांवर कामगारांना कोणत्याही करानं वाचवलं नव्हतं. आता त्याच छपराखाली टेस्लाच्या गाड्या बनतात.

भाच्याला मी गाडीचा सतरा अक्षरांचा क्रमांक वाचायला सांगितलं. समोरच्या काचेखाली, डाव्या कोपऱ्यात असतो. पहिलं अक्षर देशाचं: अमेरिकेसाठी सहसा 1, 4 किंवा 5, कॅनडासाठी 2, मेक्सिकोसाठी 3, जपानसाठी जे, आपल्याकडच्या गाड्यांना एम. त्याच्या होंडाचा क्रमांक 1 पासून सुरू होत होता. ती मेरिसव्हिलला बनलेली, त्याच्या घरापासून तासाभराच्या आत. मग तो शेजारच्या काकांकडे गेला आणि दोघांनी मिळून त्यांच्या गाडीचा क्रमांक पाहिला. तो 3 पासून सुरू होत होता.